मालक कोण, मैदान कोणाचं? : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळी ठाणे-नवी मुंबईतून आलेल्या बहुतेक पत्रांचा सूर एकच: मैदानावर अकरा जण घाम गाळतात आणि क्लब बुडवतो तो बाहेर कोटात बसलेला. प्रश्न तेवढे ठेवून बाकीचा राग आम्ही कापला आहे. काही विशेषणं छापण्याजोगी नव्हतीच.

मँचेस्टर युनायटेडचे चाहते २००५ पासून मालक असलेल्या ग्लेझर कुटुंबाच्या नावानं ओरडताहेत. आता भागीदार म्हणून उद्योगपती जिम रॅटक्लिफ आले, त्यांनी एवढा पैसा ओतला, तरी कर्ज आहे तिथेच. मग पैसा गेला कुठे?
*— एक वाचक, वाशी*

बराचसा क्लबमध्ये आलाच नाही. शेअर विकत घेतले की पैसे मिळतात शेअर विकणाऱ्याला. रॅटक्लिफ यांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये शेअरमागे ३३ डॉलर मोजले. त्यातले बहुतेक पैसे ग्लेझर भावंडं आणि इतर भागधारकांच्या खिशात गेले. क्लबला मिळाले ते वेगळे ३० कोटी डॉलर, तेही पायाभूत सुविधांसाठी म्हणून आणि एका वर्षात हप्त्यांनी. आज रॅटक्लिफ यांचा हिस्सा २९ टक्क्यांच्या जरा आत आहे.

कर्जाचं मूळ २००५ च्या खरेदीत आहे. क्लब साधारण ७९ कोटी पौंडांना घेतला गेला, त्यातला मोठा भाग उसना होता आणि ते ओझं क्लबच्याच अंगावर टाकलं गेलं. कुणी कर्ज काढून तुमची अख्खी इमारत विकत घ्यावी आणि त्याचा हप्ता तुमच्या मेंटेनन्समधून कापावा, तसला हा प्रकार. त्याआधी युनायटेडवर म्हणण्यासारखं कर्ज नव्हतं.

आता एक बारीक गोष्ट, जी ओरडण्यात हरवते. यातलं मुख्य दीर्घ मुदतीचं कर्ज ६५ कोटी डॉलरचं आहे: ४२.५ कोटींचे रोखे आणि २२.५ कोटींचं मुदत कर्ज. उत्पन्न मोठ्या प्रमाणात पौंडांत, कर्ज डॉलरमध्ये. पौंड घसरला की एक छदामही नवा न काढता हिशेबात कर्ज फुगतं, पौंड वधारला की आटतं. म्हणून ‘या तिमाहीत कर्ज कमी झालं’ अशी बातमी आली तर आधी विनिमय दर बघा. आणि खेळाडूंच्या खरेदीचे थकलेले हप्ते या ६५ कोटींत धरलेले नसतात, ते वेगळ्या ओळीत असतात.

मग मी युनायटेडचे शेअर घेतले तर मला बोलायचा हक्क मिळेल का? ठाण्यात बसून घेता येतात का?
*— एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे*

घेता येतात. हक्क मात्र नावापुरता. २०१२ पासून न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात ‘अ’ वर्गाचे शेअर विकले जातात, त्यांना शेअरमागे एक मत. ग्लेझर कुटुंबाकडे ‘ब’ वर्ग, त्याला दहा मतं. बाजारातला प्रत्येक शेअर चाहत्यांनी उचलला तरी मतदानात ते हरतील.

तरीही घ्यायचेच असतील तर परदेशी पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेखाली आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात. परदेशी शेअर देणाऱ्या ब्रोकरकडे खातं, पॅन, आणि बँकेत ए-२ फॉर्म. वर्षात १० लाख रुपयांच्या वर रक्कम गेली की वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस (आगाऊ कर) कापते, ती विवरणपत्रात वळती करून घेता येते. लोक फसतात ते पुढे. एक शेअर जरी असला तरी आयटीआर-१ भरता येत नाही, आयटीआर-२ किंवा ३ भरून त्यातलं शेड्युल एफए (परदेशी मालमत्तेचा तक्ता) भरावं लागतं, आणि त्यातला हिशेब जानेवारी ते डिसेंबर असतो, एप्रिल ते मार्च नव्हे. वीस डॉलरच्या हौसेपायी नोटीस ओढवून घेऊ नका.

क्लब बुडायला लागलाय हे आधी कसं ओळखायचं? शेफील्ड वेन्सडे या इंग्लिश क्लबच्या बाबतीत सगळे म्हणाले, ‘हे होणारच होतं.’ मग आधी का नाही कळलं?
*— एक वाचक, ऐरोली*

ज्यांनी कागद पाहिले त्यांना कळलं होतं. या अंकातला हा सगळ्यात कामाचा प्रश्न, म्हणून सविस्तर.

इंग्लंडमधल्या प्रत्येक क्लबमागे कंपनी असते आणि तिचे कागद कंपनीज हाउस या सरकारी संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. लॉगिनही लागत नाही. क्लबचं नाव टाकलं की एक नाही, चार-पाच कंपन्या निघतात: एक संघ चालवणारी, एक वरची होल्डिंग, आणि पुष्कळदा एक स्टेडियमची. तिन्ही उघडा. एकच पाहून निष्कर्ष काढला की घोळ होतो, कारण कर्ज एकीकडे आणि मालमत्ता दुसरीकडे ठेवलेली असते.

आधी ‘फायलिंग हिस्टरी’. खासगी कंपनीला वर्ष संपल्यावर नऊ महिन्यांत हिशेब द्यावा लागतो. तारीख उलटली की कंपनीच्या पानावर तसं दिसतं. हिशेबाचं वर्ष एका दिवसानं आखूड करून मुदत वाढवून घेण्याची जुनी पळवाट आहे. असा फॉर्म लागोपाठ दोन वर्षं दिसला तर कान टवकारा. नंतर ‘चार्जेस’. कोणत्या सावकाराकडे काय गहाण आहे ते इथे कळतं. बँकेच्या जागी अनोळखी फायनान्स कंपनी आली असेल तर बँकेनं हात वर केलेत असं समजायला हरकत नाही. पुढच्या वर्षीच्या टीव्ही हक्कांचे पैसे आजच तारण ठेवलेले असतील तर तेही इथेच सापडतं.

आता हिशेबाची फाइल. नफातोट्याच्या पानाकडे धावू नका, फुटबॉलमध्ये तोटा हा नियम आहे. लेखापरीक्षकाच्या अहवालात ‘गोइंग कन्सर्न’ हा परिच्छेद शोधा. त्यात ‘मटेरियल अनसर्टन्टी’ हे शब्द आले की अर्थ असा: मालकानं पुढचे बारा महिने पैसे घातले नाहीत तर हा धंदा चालेल याची खात्री आम्ही देत नाही. मग मालकाचं कर्ज बघा. ते शेअरमध्ये बदललंय, की ‘मागेल तेव्हा परत’ या अटीवर आहे? दुसरं असेल तर मालकाचं औदार्य हे प्रत्यक्षात क्लबवरचं देणं आहे. पगार भागिले उत्पन्न करा. युएफा या युरोपीय फुटबॉल संघटनेची मर्यादा आता ७० टक्के आहे, त्यात पगाराबरोबर खेळाडूंच्या खरेदीचा वार्षिक भार आणि एजंटांची फीही धरतात. इंग्लंडच्या दुसऱ्या स्तरावर नुसते पगारच १०० टक्क्यांच्या वर गेलेले क्लब नवलाचे नाहीत. शेवटी एका वर्षात द्यायच्या रकमांत कराची ओळ. कर थकवणं हे सगळ्यात वाईट लक्षण, कारण खेळाडू थांबतात, पुरवठादार थांबतात, पण कर खातं थेट कंपनी गुंडाळण्याचा अर्ज टाकतं.

आणि अगदी शेवटची टीप वाचायला विसरू नका, ताळेबंदाच्या तारखेनंतर काय घडलं ती. खेळाडू विकला, नवं कर्ज काढलं, सगळं तिथे गुपचूप लिहिलेलं असतं.

शेफील्ड वेन्सडेनं स्वतःचं हिल्सबरो मैदान मालकाच्याच दुसऱ्या कंपनीला ६ कोटी पौंडांना विकलं होतं. कागदावर नफा दिसला, नियम पाळल्यासारखं झालं, आणि क्लबच्या पायाखालची जमीन मात्र मालकाची झाली. २०२५ मध्ये पगार वारंवार थकले आणि ऑक्टोबरात क्लब दिवाळखोरी हाताळणाऱ्या प्रशासकाच्या ताब्यात गेला, १२ गुण कापले गेले. डर्बी कौंटीनंही २०१८ मध्ये प्राइड पार्क असंच मालकाला विकलं होतं. २०२१-२२ च्या मोसमात त्यांचे एकूण २१ गुण गेले आणि संघ खाली घसरला. बरी हा १८८५ चा क्लब डिसेंबर २०१८ मध्ये एका पौंडाला विकला गेला आणि ऑगस्ट २०१९ मध्ये लीगमधून हाकलला गेला. एक पौंड ही किंमत क्लबची नव्हती, त्याच्या देण्यांची होती.

आमचं मत विचाराल तर मालक श्रीमंत आहे की नाही यापेक्षा मैदान कोणाच्या नावावर आहे हा प्रश्न आधी. चेल्सीचे चाहते इथे हुशार निघाले. स्टॅमफर्ड ब्रिजची जमीन १९९० च्या दशकापासून ‘चेल्सी पिच ओनर्स’ या चाहत्यांच्या कंपनीकडे आहे. २०११ मध्ये तेव्हाचे मालक अब्रामोविच यांच्या काळात क्लबनं ती परत मागितली, तेव्हा भागधारकांनी प्रस्ताव पाडला. अब्जाधीशाला साध्या तिकीटवाल्यांनी नकार दिल्याची अशी उदाहरणं थोडी.

एकीकडे पैसे नाहीत म्हणतात आणि दुसरीकडे सहा कोटी पौंडांचा स्ट्रायकर आणतात. आणि विकतात कोणाला, तर अकादमीतल्या घरच्या पोराला! हे काय गणित आहे?
*— एक वाचक, नौपाडा, ठाणे*

गणित सरळ आहे, न्याय्य आहे असं आम्ही म्हणत नाही. सहा कोटींचा खेळाडू पाच वर्षांच्या करारावर घेतला तर हिशेबात दरसाल १.२ कोटीच खर्च पडतो. दोन वर्षांनी त्याची पुस्तकी किंमत ३.६ कोटी उरते. तो ४ कोटींना विकला तर खरेदीपेक्षा दोन कोटी कमी आले, तरी पुस्तकात ४० लाखांचा नफा! अकादमीतल्या मुलाची पुस्तकी किंमत शून्य, म्हणून तो ४ कोटींना गेला तर चारही कोटी निव्वळ नफा. प्रीमियर लीगच्या नियमात तीन वर्षांत जास्तीत जास्त साडेदहा कोटी पौंडांचा तोटा चालायचा. ३० जूनला हिशेब बंद होण्याआधी घरची पोरं विकण्याची घाई होते ती त्यामुळे.

चेल्सीनं सात-आठ वर्षांचे करार देऊन वार्षिक भार आणखी पातळ केला, तेव्हा युएफानं आणि डिसेंबर २०२३ मध्ये प्रीमियर लीगनंही हिशेबापुरती पाच वर्षांची मर्यादा घातली. तोट्याची मर्यादा ओलांडणाऱ्या एव्हर्टनचे २०२३-२४ मध्ये आधी १० गुण कापले, अपिलात ते ६ झाले, मग दुसऱ्या प्रकरणात आणखी २. चूक केली संचालकांनी, गुण गेले संघाचे. चाहत्यांचा संताप इथे रास्त आहे.

नेरूळला डी. वाय. पाटीलमध्ये मुंबई सिटीच्या मॅच पाहिल्यात. संघ अंधेरीला गेला, ठीक. पण आता लीगचाच भरवसा राहिला नाही. आपल्याकडे मालक टिकत का नाहीत?
*— एक वाचक, नेरूळ*

मुंबई सिटीनं २०१४ आणि २०१५ चे मोसम तुमच्याकडे काढले, २०१६ पासून अंधेरी. दुखणं त्या संघापुरतं नाही, त्याच्या वरचं आहे. भारतीय फुटबॉल महासंघानं डिसेंबर २०१० मध्ये व्यावसायिक हक्क १५ वर्षांसाठी रिलायन्सच्या गटाला दिले. पुढे त्यातूनच आयएसएल (इंडियन सुपर लीग) चालवणारी एफएसडीएल ही कंपनी आली, वर्षाला ५० कोटी रुपये महासंघाला. करार ८ डिसेंबर २०२५ ला संपणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी जुलैमध्ये मोसम लांबणीवर पडेपर्यंत नवा करार झाला नव्हता. निविदा काढली, नोव्हेंबरच्या मुदतीत एकही बोली आली नाही. डिसेंबरात मँचेस्टर सिटीच्या मालकांच्या सिटी फुटबॉल ग्रुपनं मुंबई सिटीतला हिस्सा सोडला. २०१९ मध्ये त्यांनी ६५ टक्के घेतले होते. क्लब पुन्हा मूळ मालकांकडे आला. जानेवारी २०२६ मध्ये केंद्रीय क्रीडामंत्र्यांनी १४ फेब्रुवारीपासून चौदाही क्लबांसह लीग सुरू होईल असं जाहीर केलं. म्हणजे मोसमाचं वेळापत्रक ठरायला मंत्रालय लागलं.

मालक न टिकण्याचं कारण उत्पन्नाच्या रचनेत आहे. युरोपात क्लबला टीव्हीचा वाटा, तिकिटं, प्रायोजक आणि खेळाडूंची विक्री अशा चार बाजूंनी पैसा येतो. आपल्याकडे टीव्हीचा वाटा तुटपुंजा, खेळाडू विकून येणारं उत्पन्न नगण्य, आणि बहुतेक स्टेडियमं भाड्याची, तीही सरकारी किंवा दुसऱ्याची. उरतो तो मालकाचा खिसा. खिसा कंटाळला की क्लब संपतो. महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये, मुंबई एफसी २०१७ मध्ये असेच गेले. पुण्याचं उदाहरण तर बोलकं आहे: एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंद, ती जागा हैदराबाद एफसीला, हैदराबादनं २०२१-२२ ची ट्रॉफी जिंकली, मग पगार थकले, आणि २०२५ मध्ये तोच परवाना दिल्लीला. तीन शहरं, एक परवाना. पुण्याच्या चाहत्यानं आता कोणाला टाळ्या वाजवायच्या?

भारतीय क्लबांचे कागदही पाहता येतात. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या (एमसीए) संकेतस्थळावर कंपनीचं नाव, संचालक, भांडवल ही प्राथमिक माहिती मिळते. ताळेबंद हवा असेल तर ‘व्ह्यू पब्लिक डॉक्युमेंट्स’मध्ये शुल्क भरून एओसी-४ फॉर्म उघडा. मार्चअखेरचा ताळेबंद साधारण ऑक्टोबरअखेर चढतो. संघाच्या ब्रँडचं नाव आणि कंपनीचं नाव वेगळं असतं, तिकिटाच्या किंवा जर्सीच्या बिलावर खाली बारीक अक्षरात ते सापडतं.

फॅन टोकन, म्हणजे क्लबच्या नावाचं क्रिप्टो टोकन, घेतलं की क्लबच्या निर्णयात मत मिळतं असं भाचा म्हणतो. खरं का?
*— एक वाचक, कोपरखैरणे*

मत मिळतं, पण गोल झाल्यावर कोणतं गाणं वाजवायचं असल्या बाबतीत. मालकीचा अंशही नाही. आपल्याकडे या टोकनांना आभासी डिजिटल मालमत्ता म्हणून ३० टक्के कर आहे, विक्रीवर १ टक्का टीडीएस, आणि एका टोकनात झालेला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून वजा करता येत नाही. भाच्याला म्हणावं, स्कार्फ घे.

विरोध करून खरंच काही होतं का? आम्ही इथे नवी मुंबईत बसून काय करणार?
*— एक वाचक, सीवूड्स*

होतं, पण नेम धरावा लागतो. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिव्हरपूलनं ७७ पौंडांचं तिकीट जाहीर केलं, तेव्हा हजारो चाहते ७७ व्या मिनिटाला उठून गेले. मालकांनी काही दिवसांत माफी मागून दर मागे घेतले. मागणी एक, आकडा एक. जर्मनीत २०२४ च्या सुरुवातीला लीगचे माध्यम हक्क गुंतवणूकदाराला विकण्याचा बेत होता. चाहत्यांनी आठवडेच्या आठवडे मैदानात टेनिसचे चेंडू फेकून सामने थांबवले आणि २१ फेब्रुवारीला लीगनं बेत सोडला. तिथे ५०+१ नियमामुळे बहुतेक क्लबांत अर्ध्याहून अधिक मतं सभासदांकडे असतात, त्यामुळे आरडाओरड्याला मतपेटीचा आधार होता. ब्लॅकपूलच्या चाहत्यांनी चारेक वर्षं मैदानावर पाऊल ठेवलं नाही, घोषणाच होती ‘आणखी एक पेनीही नाही’. तरी मालक गेला तो भागीदारानं कोर्टात ३ कोटी पौंडांच्या वरचा निकाल मिळवल्यावर, २०१९ मध्ये. बहिष्कारानं उत्पन्न आटवलं, घाव कोर्टानं घातला.

इथून तुम्ही तिकीट सोडू शकत नाही, ते मुळात घेतच नाही. तुमचा उपयोग क्लबला दोन ठिकाणी होतो: अधिकृत जर्सी आणि प्रायोजकाला दाखवायला ‘भारतात एवढे चाहते’ हा आकडा. अधिकृत सपोर्टर्स क्लबमध्ये असाल तर पत्र मालकाला नको, प्रायोजकाच्या भारतातल्या कार्यालयाला पाठवा, सभासदसंख्या आणि एकच मागणी लिहून. इंग्लंडमध्ये २०२५ च्या कायद्यानं स्वतंत्र फुटबॉल नियामक नेमला आहे. तिथल्या चाहत्यांच्या संघटना त्याच्यापुढे म्हणणं मांडतात, त्यांच्या निवेदनाला पाठिंबा देणं हे स्वतःचं फलक-आंदोलन पाम बीच रोडवर करण्यापेक्षा जास्त उपयोगी.

मुलगा एका क्लबकडून खेळतो. तीन महिने पैसे नाहीत. क्लबवाले म्हणतात प्रायोजक येतोय, थांबा. क्लब सोडला तर बंदी येईल का?
*— एक पालक, कळवा*

आधी एकच गोष्ट तपासा: महासंघाच्या सीआरएस या खेळाडू नोंदणी प्रणालीत त्याची नोंद व्यावसायिक म्हणून आहे की हौशी? लेखी करार आणि खर्चापेक्षा जास्त मोबदला असेल तरच तो व्यावसायिक. अनेक छोटे क्लब तोंडी रक्कम ठरवतात आणि नोंद हौशी करतात. मग थकबाकी सिद्ध करणं जड जातं.

करार असेल तर फिफाच्या नियमावलीतला मापदंड हा: दोन महिन्यांचे पगार थकले की खेळाडूनं लेखी नोटीस द्यायची, किमान १५ दिवसांची मुदत द्यायची, आणि तरीही पैसे आले नाहीत तर योग्य कारणानं करार संपवता येतो. नोटीस ईमेलनं आणि स्पीड पोस्टानं, दोन्हीकडून, महिनावार रक्कम लिहून. व्हॉट्सॲपवरचा ‘सर, पैसे कधी?’ ही नोटीस नव्हे, पण समोरून आलेलं ‘पुढच्या आठवड्यात देतो’ हे उत्तर जपून ठेवा, ती देण्याची कबुली आहे. सगळ्यात मोठी चूक म्हणजे नोटीस न देता सराव बंद करणं. मग करार मोडल्याचा ठपका मुलावर येतो. मुदत संपेपर्यंत रोज सरावाला जावं आणि हजेरीचा पुरावा ठेवावा. देशातला वाद महासंघाच्या प्लेयर स्टेटस समितीकडे जातो.

आम्ही पंधरा-वीस जणांनी ठाण्यात चाहत्यांच्या मालकीचा क्लब काढायचं ठरवलंय. कंपनी काढावी की संस्था?
*— काही मित्र, वर्तकनगर, ठाणे*

संस्था सोपी. १८६० च्या कायद्याखाली किमान सात सभासद लागतात, आणि महाराष्ट्रात तिची नोंद सार्वजनिक न्यास म्हणूनही होते, दोन्ही कामं धर्मादाय कार्यालयात. कंपनी कायद्याच्या कलम ८ ची ना-नफा कंपनीही चालते, पण दरवर्षीचा सीएचा आणि कागदपत्रांचा खर्च छोट्या क्लबला जड.

घटनेतली तीन कलमं सुरुवातीलाच पक्की करा. एक सभासद एक मत, देणगी कितीही असो. एकाच देणगीदाराकडून वर्षाच्या खर्चाच्या ठरावीक हिश्श्यापेक्षा जास्त घ्यायचं नाही. आम्ही एक चतुर्थांश सुचवू, म्हणजे तो रुसला तरी मोसम पुरा होतो. आणि क्लबचं नाव, चिन्ह किंवा मालमत्ता विकायची तर तीन चतुर्थांश सभासदांची मंजुरी. एएफसी विम्बल्डन २००२ मध्ये चाहत्यांनी शून्यातून उभा केला आणि २०२० मध्ये प्लाउ लेनच्या परिसरात स्वतःच्या मैदानावर परतला. बहुमताची मालकी चाहत्यांच्या ट्रस्टकडे आहे. ते भावनेवर झालं असं सांगतात, पण नियमावली वाचली तर भावना कमी आणि मतदानाची कलमं जास्त दिसतील.

इथे घोळ होतो तो बदल अर्जात. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यायचा असतो. कोणी देत नाही. तीन वर्षांनी भांडण झालं की नोंदीवर जुनीच मंडळी असतात, बँक त्यांच्याच सह्या मागते आणि खातं गोठतं. ऐन लीगच्या तोंडावर प्रवेश फी भरता येत नाही. निवडणूक झाली त्याच आठवड्यात अर्ज टाका, आणि यूपीआयचा क्यूआर कोड कुणाच्या वैयक्तिक नंबरावर नाही, संस्थेच्या खात्याचाच काढा.